दोन स्प्रिंगांचा मोह



पुढे-मागे दोन्हीकडे सस्पेन्शन असलेली माउंटन बाइक हवी, असा नातवाचा हट्ट. दुकानात तशी सायकल स्वस्तात दिसली आणि मीही क्षणभर मोहात पडलो.

मात्र अशा स्वस्त सायकलीत मागे बहुधा नुसती स्प्रिंग असते. तिची उसळी आवरणारे तेलाचे डॅम्पिंग नसते. परिणामी चढावर सायकल डोलते, श्रम वाया जातात. शिवाय सांधे वाढल्याने वजन आणि देखभालीचा खर्चही वाढतो.

म्हणून तीन गोष्टी पाहाव्यात. शॉकला रिबाउंड नियंत्रण आहे का? स्वार बसल्यावर शॉक त्याच्या एकूण हालचालीच्या साधारण २५ ते ३० टक्के दबेल, असे वजनानुसार जुळवता येते का? बेअरिंग आणि सुटे भाग मिळतात का?

उत्तरे नकारार्थी असतील, तर त्याच रकमेत केवळ पुढे सस्पेन्शन असलेली हार्डटेल घ्यावी. मागच्या शॉकचा खर्च वाचल्याने ब्रेक आणि गिअर अधिक चांगले मिळू शकतात.

पेढीवर आपण तागा उलगडून पाहिल्याशिवाय माल घेत नाही. मुलांच्या वस्तूंनाही तीच पारख लावावी. नातवाने अखेर हार्डटेल निवडली आणि उरलेल्या रकमेत हेल्मेट आले. गरजेपुरते घेणे हा अपरिग्रहाचा पाठ त्याला प्रवचनाविनाच मिळाला.