पाना कुणाच्या हाती?

जुन्या मोटारीची दुरुस्ती हा आपल्या पानावर चर्चिण्याजोगा विषय आहे काय, असे काही साथी विचारतील. मोटार म्हटली की ती श्रीमंतांची, ही आपली जुनी समजूत. पण गोंदियातल्या एखाद्या बोळात किंवा महामार्गावर देवरीजवळ मिस्त्रीच्या टपरीपुढे घटकाभर उभे राहावे. प्रश्न मालकीपेक्षा श्रमाचा आहे हे ध्यानी येते.

कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी प्रीमियर पद्मिनी घ्या. बॉनेट उघडताच तिचे १०८९ सीसीचे इंजिन समोर उघडे असे. गाडी धक्के देऊ लागली की मालक स्वतः प्लग काढून काजळी खरवडी, पॉइंट पॉलिश पेपरने घासून त्यांतली फट जुळवी, कार्बोरेटरचे जेट फुंकून साफ करी. त्याला न साधणारे काम मिस्त्री करी; आणि मिस्त्रीच्या हाताखाली एखादा शेतमजुराचा मुलगा पाना धरायला शिके. विद्या अशी हातातून हातात जाई.

त्या काळाचे गोडवे गाण्याचे कारण नाही. परवानाराजात गिऱ्हाईक गाडीसाठी वर्षानुवर्षे तिष्ठत असे. मक्तेदारी तेव्हाही होती, पण ती विक्रीची होती. आज ती दुरुस्तीवर येऊन बसली आहे. नव्या गाडीतला दोष संगणक सांगतो आणि त्याची किल्ली कंपनीपाशी असते. हा आमचा कांगावा नव्हे. अस्सल सुटे भाग आणि दोष शोधण्याची साधने स्वतंत्र कारागिरांना मिळू न दिल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना एकूण २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता.

अडाणी हातांनी केलेली दुरुस्ती धोक्याची, असे कंपन्या म्हणतात. मग हात शिकवा, बांधता कशाला? जुन्या गाड्या धूर ओकतात, हा आक्षेप मात्र खरा आहे. तर धूर मोजा, ब्रेक तपासा, नापास गाडी रस्त्यावरून काढा. पण सरकारने काय केले? एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरील मोटारीच्या फेरनोंदणीचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० वर नेले! शुल्काने धूर कमी होत नाही. पैसेवाल्याचा धूर तेवढा अधिकृत होतो.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याच्या मतदारांनी २०१२ मध्येच मोटार दुरुस्तीच्या हक्काला कौल दिला. आपल्या केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये समिती नेमली, पुढे संकेतस्थळ उघडले. कंपन्यांना बांधून घेणारा कायदा मात्र केला नाही.

म्हणून मागणी स्पष्ट हवी. सुटे भाग खुल्या बाजारात मिळावेत, दुरुस्तीची पुस्तिका मराठीत मिळावी, दोष शोधणारी यंत्रे प्रत्येक आयटीआयमध्ये असावीत आणि हे सारे कायद्याने सक्तीचे व्हावे. विडी कामगार आणि भातगिरणीतील हमाल यांच्याबरोबर टपरीवरचा मिस्त्रीही आपला आहे. त्याच्या हातातला पाना हिरावला जात असताना आपण गप्प राहिलो, तर श्रमप्रतिष्ठेच्या आपल्या घोषणांना अर्थ तो काय उरला?