पुढच्या डीलनंतर बघू!

खरं सांगू? पहिल्यांदा हा सिनेमा लावला तेव्हा विसाव्या मिनिटाला मी चक्क झोपले होते. गँगस्टर फिल्म आहे म्हणून मोठ्या उत्साहाने पॉपकॉर्न घेऊन बसले होते. आणि समोर काय? माणसं ट्रेनने चालली आहेत, जेवतायत, मोबाइलवर बोलतायत, पुन्हा जेवतायत. आपण 'सत्या'च्या भिकू म्हात्रेवर वाढलेली माणसं. आपल्याला डॉन म्हटलं की निदान थोडा आरडाओरडा तरी लागतो ना!

सिनेमाचं नाव 'गुडबाय साऊथ, गुडबाय'. साल 1996. दिग्दर्शक तैवानचे होऊ श्याव-श्येन. 1989 मध्ये 'अ सिटी ऑफ सॅडनेस'साठी व्हेनिसचा गोल्डन लायन जिंकणारे तेच ते. हा सिनेमाही 1996 च्या कान महोत्सवात स्पर्धेत होता. म्हणजे दोष त्यांचा नव्हता, माझ्या पॉपकॉर्नचा होता.

मागच्या महिन्यात तो पुन्हा लावला. तेव्हा माझं एक काम सहा महिने 'पुढच्या आठवड्यात फायनल करतो' या वाक्यावर लटकलेलं होतं. आणि गंमत म्हणजे, या वेळी एक मिनिटही डुलकी लागली नाही.

गोष्ट अगदी साधी आहे. काओ हा वय वाढत चाललेला छोटा दादा. दादा कसला, मधला माणूस. इथे जुगाराचा अड्डा चालव, तिथे कुणाचं तरी डील जुळव. शांघायला जाऊन मोठा धंदा टाकायचा, हे त्याचं स्वप्न. सोबत फ्लॅटहेड नावाचा डोक्याने गरम चेला आणि त्याची मैत्रीण प्रेट्झेल. हे दोघं म्हणजे काओच्या गळ्यातलं लोढणं. एक निस्तरावं तर दुसरं तयार! काओची प्रेयसी यिंग मात्र या सगळ्याला कंटाळलेली. तिला काही तरी पक्कं हवंय. काओचं उत्तर ठरलेलं: हे एवढं होऊ दे, मग बघू.

मग फ्लॅटहेड गावी जाऊन घरच्या जमिनीच्या पैशांत आपला वाटा मागतो. त्याचा भाऊबंद पोलिसात. वाट्याऐवजी मार मिळतो. झालं! साहेबांना आता सूड हवा, त्यासाठी पिस्तूल हवं. शेवटी दोघंही पकडले जातात, वरच्या पातळीवर बोलणी होतात आणि सुटकाही होते. पण जाता जाता त्यांच्या गाडीच्या किल्ल्या अंधाऱ्या शेतात भिरकावून दिल्या जातात. अख्ख्या सिनेमातला सगळ्यात मोठा अपमान माझ्या मते हाच. आयुष्यभर 'सेटिंग' करणारा माणूस गवतात चाचपडत स्वतःच्या किल्ल्या शोधतोय!

हे सगळं हवेतून आलेलं नाही. तैवानमध्ये 1987 पर्यंत जवळजवळ 38 वर्षं लष्करी कायदा होता. तो उठला, निवडणुकांचं राजकारण रंगलं आणि गुंड, पुढारी, पैसा यांची दोस्तीही वाढली. त्याच काळात तैवानी पैसा चीनकडे वाहू लागला. सगळे 'तिकडे' निघालेले. काओसारखे लोक फलाटावर उभे. गाडी आपलीच आहे असं समजून.

म्हणून हा सिनेमा स्लो आहे. गुन्हेगारीतला बहुतेक वेळ कसा जातो? वाट बघण्यात. फोनची, पैशांची, कुणाच्या तरी 'हो'ची. इतर सिनेमे हा वेळ कापून टाकतात. होऊ नेमका तोच ठेवतात. कॅमेरा लांब उभा राहतो आणि घाई करत नाही.

आणि मध्येच तो मोटरसायकलचा सीन येतो. डोंगरातला वळणांचा रस्ता, दोन बाइक, तिघं जण, डायलॉग शून्य, फक्त म्युझिक. हे म्युझिक लिम ग्योंगचं. फ्लॅटहेडचं काम करणाराही तोच बरं का! त्या काही मिनिटांत तिघंही मोकळे दिसतात. कुठे पोचायचं नाही, कुणाला उत्तर द्यायचं नाही. मला तिथे एकदम भरून आलं. कारण सुख त्यांच्याकडे तेव्हाच होतं. ते मात्र शांघायची वाट बघत होते.

होऊंना 2015 मध्ये 'द असॅसिन'साठी कानमध्ये सर्वोत्कृष्ट दिग्दर्शकाचा मान मिळाला. 2023 मध्ये स्मृतिभ्रंशामुळे ते निवृत्त झाल्याचं त्यांच्या कुटुंबाने जाहीर केलं. नवा सिनेमा आता येणार नाही. आहेत ते बघायचे.

तर कधी बघाल? शुक्रवारी रात्री दमून आल्यावर अजिबात नको, झोपाल. रविवारी संध्याकाळी बघा. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. शेवट काय ते सांगत नाही.

आणि हो, आईला मी दोन वर्षं सांगत होते, 'हे प्रोजेक्ट संपलं की कोकणात जाऊ.' सिनेमा संपला त्या रात्रीच तिकिटं काढली. प्रोजेक्ट अजून संपलेलं नाही!