सोबत निघालात, सोबत परता

रस्त्यावरच्या धावण्याच्या शर्यतींत आपल्या कुटुंबांतील तरुणही मित्रांसह भाग घेऊ लागले आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. शेतात राबणाऱ्या शरीराला धावणे परके नाही. परंतु धारवाडची जुलैची झड असो वा हुबळीचे एप्रिलचे ऊन, वाईट हवेत धावताना सोबत निघालेल्यांनी सोबतच परतावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पाऊस आला की धावूच नये, असे आम्ही म्हणत नाही. सन १९१९ मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांत अनवाणी धावणारी शेतकऱ्यांची मुले पाहून सर दोराबजी टाटांना ऑलिंपिकची कल्पना सुचली. पुढच्याच वर्षी आपल्या शेजारच्या बेळगावचे फडेप्पा चौगुले बेल्जियममधील अँटवर्पला गेले. थंड, पावसाळी हवेत त्यांनी ४२.७५ किलोमीटरची मॅरेथॉन २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत पुरी करून १९ वा क्रमांक मिळवला. आपल्या मातीत हे बळ आहे.

पण नुसते बळ पुरत नाही. २२ मे २०२१ रोजी चीनच्या गान्सू प्रांतात डोंगराळ भागातील १०० किलोमीटरच्या शर्यतीत अचानक गार वारा व पाऊस आला. १७२ धावपटूंपैकी २१ जण थंडीने गारठून मेले. ते सर्व धडधाकट, सरावलेले होते. चू केमिंग नावाच्या एका मेंढपाळाने सहा जणांना गुहेत आसरा दिला, शेकोटी पेटवली आणि त्यांचे प्राण वाचवले.

आपल्याकडे तेवढी थंडी नसते. तरीही ओले कपडे अंगातील ऊब झपाट्याने काढून घेतात. जो थांबला तो लवकर गारठतो. उन्हाळ्यात उलटे होते. हवा दमट असली तर घाम वाळत नाही आणि अंग तापत जाते. दोन्ही वेळी धावणाराचे भान आधी सुटते. आपले काही बिघडले आहे हे त्याला स्वतःला कळत नाही. ते सोबत्यालाच कळते. बोलणे अडखळू लागले, पाय वेडेवाकडे पडू लागले, की शर्यत तिथेच थांबवावी. गारठलेल्यास आडोशाला न्यावे, ओले कपडे काढून कोरडे पांघरूण द्यावे, शुद्धीवर असेल तर गरम गोड चहा पाजावा. उन्हाने तापलेल्यास सावलीत घेऊन अंगावर भरपूर पाणी ओतावे, वारा घालावा. भान गेले असेल तर तोंडात काही घालू नये. १०८ वर दूरध्वनी करून रुग्णवाहिका बोलवावी, आणि ती येईपर्यंत उपचार चालू ठेवावेत.

कोणी म्हणेल, मग ती शर्यत कसली? चपळाने मंदासाठी का थांबावे? शेतकऱ्याने हे विचारू नये. कारहुणवीला बैल पळवताना आपण त्याची धाप पाहतो. जोडीतला एक बैल दमला, तर दुसऱ्याला हाकून नांगर पुढे जात नाही, हे आपल्याला ठाऊक आहे. बैलाची जी काळजी घेतो, ती मुलांची घ्यायला नको काय?

म्हणून आमची सूचना आहे. चांगल्या हवेत ज्याने त्याने आपल्या बळावर धावावे. हवा बिघडली, तर आपल्या तरुण मंडळांनी तिघातिघांच्या तुकड्या कराव्यात आणि तिसरा पोहोचेल तीच तुकडीची वेळ धरावी. विजा चमकू लागल्या तर शर्यत सरळ पुढे ढकलावी. बक्षीस कुठे जात नाही.

संत पौलाने करिंथकरांस लिहिताना शर्यतीचा दाखला दिला. त्याच पत्रात पुढे त्याने एका शरीराच्या अनेक अवयवांचाही दाखला दिला आहे. आपल्या तरुणांनी हे दोन्ही दाखले ध्यानात ठेवून धावावे.