मूत्रपिंडात सुई आणि दोन यंत्रांची नजर



उसाच्या फडात नाहीतर कांदा काढताना दिवसभर उन्हात राबायचे आणि पाणी दोन-चार घोटच प्यायचे, ही आपली जुनी खोड. मग एखाद्या रात्री कुशीत अशी कळ येते की धडधाकट गडी गडबडा लोळतो. पुष्कळदा तो मुतखडाच असतो. लहान असला तर बहुधा लघवीवाटे पडतो. मोठा होऊन मूत्रपिंडातच बसला, तर डॉक्टर म्हणतात, "पाठीतून सुई घालून काढू." हे ऐकून घरच्यांच्या पोटात गोळा येतो.

भीती अगदीच खोटी नाही. हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा दोन्ही मूत्रपिंडांतून फिरतो. शेजारी मोठे आतडे, वर फुप्फुसाचे आवरण. शिवाय श्वासाबरोबर मूत्रपिंड खालीवर होते. तेव्हा सुई अंदाजाने घालून चालत नाही.

सोनोग्राफीत मूत्रपिंड दिसते, त्यात तुंबलेली लघवी दिसते आणि कातडीपासून तिथवर वाटेत काय आडवे येते तेही कळते. पण बारीक तार आत कुठवर गेली, हे तिच्यात नीट उमगत नाही. क्ष-किरणांच्या पडद्यावर तार आणि औषध सोडलेली पोकळी स्वच्छ दिसते, मात्र आतडे नीट दिसत नाही, खोलीही कळत नाही. भिंतीवरच्या सावलीवरून हात किती लांब आहे, हे सांगता येईल का? तसेच ते. म्हणून बरेच सर्जन सोनोग्राफीवर पाहून सुई घालतात, लघवी ठिबकली की तार सरकवतात आणि वाट रुंद करण्याचे काम क्ष-किरणांवर पाहून करतात. त्यामुळे क्ष-किरणही कमी लागतात.

पूर्वी यासाठी कूस कापावी लागे. सुईच्या वाटेने खडा काढण्याची रीत स्वीडनमधील फर्नस्ट्रॉम आणि योहानसन यांनी १९७६ साली जगापुढे मांडली. आपल्या नगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, लोणीला १९८४ साली ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय निघाले. त्यामुळे मोठ्या डॉक्टरांसाठी दर वेळी पुण्याची एस.टी. धरायला नको.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. कळ आहे आणि थंडी वाजून तापही आला, तर काढे पीत बसू नका. अडलेल्या मूत्रपिंडात पू झालेला असू शकतो. तेव्हा आधी सुईने नळी घालून तो काढतात, खड्याचे नंतर पाहतात. त्याच रात्री गाडी काढा.

रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, बाई गरोदर असेल, तर हे डॉक्टरांना आधीच सांगा. गरोदरपणी शक्यतो सोनोग्राफीवरच भागवतात. खर्चाचे म्हणाल, तर महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजनेत आपले काम बसते का, हे रेशनकार्ड घेऊन इस्पितळातल्या आरोग्यमित्राला विचारा. घरी आल्यावर एक-दोन दिवस लघवी गुलाबी होते, तिला घाबरू नये. गाठी पडू लागल्या किंवा ताप आला, तर परत जावे.