यंदाच्या कार्डावर तारीख कोणती?



दिवाळीला अजून दीड महिना आहे, पण कार्डांना आत्ता हात घातला नाही तर मागच्या वर्षीसारखी गत होते. वसुबारसेच्या रात्री डिंकाने बरबटलेली बोटं, आणि इंडियाला जाणारं माणूस पहाटेच विमानात बसलेलं. तेव्हा येत्या शुक्रवारी, दुपारच्या जेवणानंतर, आमच्याकडेच बैठक.

नव्यांसाठी थोडं सांगते. आमच्या अल-खोबरच्या कंपाउंडातल्या बायका-पोरं गेली वीसेक वर्षं हाताने दिवाळीची कार्डं करतात. सुरुवात हौसेने नव्हती झाली, गरजेने झाली. इथल्या दुकानात दिवाळीचं कार्ड मिळायचं नाही. देवादिकांची चित्रं आम्ही आपणहून टाळायचो. पणती, कंदील, ठिपक्यांची रांगोळी, बस्स. कंदिलाची खिडकी कापून मागून पतंगाचा कागद चिकटवला की कार्ड उजेडात धरल्यावर छान दिसतं, ही युक्ती तेव्हापासूनची.

यंदा मात्र पोरींनी गाडी काढायची ठरवली आहे. झालं काय, तर शेजारची आठ वर्षांची मुलगी माझ्या गाडीत मागे बसली होती. तिला कुणीतरी सांगितलं होतं की मावशी आधी गाडी चालवायची नाही. तर म्हणते, "मावशी, तेव्हा बायकांना गाडी चालवता येत नव्हती का?" म्हटलं, "येत होती गं. सांगलीत मी बाबांची फियाट चालवायचे. इथे परवानगी नव्हती." "कोणाची?" या प्रश्नाचं उत्तर देईपर्यंत शाळेचं गेट आलं. :-)

तर कार्डावर गाडी, चालवणारी बाई, टपावर कंदील. चित्रावर एकमत झालं. भांडण लागलं ते खाली तारीख कोणती घालायची यावर. एकीचं म्हणणं 24 जून 2018, कारण त्या मध्यरात्रीपासून बायका रीतसर गाडी चालवू लागल्या. (राजे सलमान यांचा हुकूम आधीच, 26 सप्टेंबर 2017 ला निघाला होता.) दुसरीचं म्हणणं 14 मार्च 2021. त्या दिवसापासून आपल्यासारख्या नोकरदारांना एक्झिट-री-एंट्रीसाठी कंपनीची संमती लागेनाशी झाली, आणि वर्षभर काम केल्यावर नोटीस देऊन नोकरी बदलता येऊ लागली. तिसरी म्हणाली, दिवाळीच्या कार्डावर राजकारण कशाला, 'शुभ दीपावली' लिहा नि सोडा.

दुसरीची बाजू मला पटते, आणि त्याला कारण आहे. 2004 मध्ये बाबा गेले ते बुधवारी रात्री. तेव्हा वीकेंड गुरुवार-शुक्रवार असायचा (शुक्रवार-शनिवार झाला तो 2013 च्या जूनअखेर). आमचे पासपोर्ट ह्यांच्या कंपनीच्या कपाटात, किल्ली एकाकडे, सहीचा अधिकार दुसऱ्याकडे, आणि तो दुसरा गावाला गेलेला. मी सांगलीला पोचले दहाव्याच्या आदल्या दिवशी. काकूंनी दार उघडलं आणि काही बोलल्या नाहीत. आता मोबाइलवर दोन मिनिटांत काम होतं तेव्हा ते कपाट डोळ्यांपुढे येतंच.

पण मी तरी त्या तारखेला हात वर केला नाही. त्याला कारण आपले मामा.

जुन्यांना मामा आठवतील. दापोलीकडचे, मराठी अगदी कोकणी ठसक्याची. माझ्या हॉस्पिटलमधल्या सौदी डॉक्टर मैत्रिणीच्या घरी ते ड्रायव्हर होते, आणि तिच्याबरोबर मलाही रोज सोडायचे. 2018 च्या नरकचतुर्दशीला, म्हणजे 6 नोव्हेंबरला, संध्याकाळी ही मैत्रीण आईला घेऊन फराळाला आली, स्वतः गाडी चालवत! मामा शेजारच्या सीटवर पट्टा आवळून, दोन्ही हात डॅशबोर्डवर. उतरल्यावर मला हळूच म्हणाले, "ताई, चालवते बरी, पण वळणावर माझाच पाय ब्रेकवर जातो, आणि तिथे ब्रेकच नाही." आम्ही सगळ्या हसलो. त्यांची नोकरी जाणार की काय हे तेव्हा आमच्यापैकी कोणीच विचारलं नाही. मी तर चकलीचं ताट फिरवत होते.

नोकरी गेली नाही, म्हातारीला दवाखान्यात न्यायला ते लागायचे. मार्च 2021 मध्ये कंपाउंडभर आनंदीआनंद चालला होता तेव्हा त्यांचा फोन आला. "ताई, माझं पण झालं का मोकळं?" मला माहीत होतं, तरी पुन्हा वाचून बघितलं. घरगुती ड्रायव्हर, घरकाम करणारे, राखणदार, माळी-शेतमजूर, मेंढपाळ, एवढे सगळे त्या सुधारणेच्या बाहेर होते. "नाही हो मामा," एवढंच म्हणाले. त्यांचा कफील मैत्रिणीचा भाऊ. तिने पुष्कळ सांगून पाहिलं. सही व्हायला चौदा महिने लागले.

म्हणून मी म्हटलं, तारीख घालायचीच तर 6 नोव्हेंबर घाला. पोरींनी विचारलं, त्या दिवशी काय झालं? 1990 साली याच तारखेला रियाधमध्ये 47 बायकांनी गाड्या काढल्या होत्या. कुवेतवर हल्ला झालेला, सगळीकडे सैन्य, आणि ह्या बायका शहरात ओळीने गाड्या चालवताहेत. पकडल्या गेल्या, नोकऱ्यांवरून दूर केल्या गेल्या, पासपोर्ट जप्त झाले. पुढे 2011 च्या मे महिन्यात मनाल अल-शरीफ यांनी आपल्या याच खोबरमध्ये गाडी चालवली, त्याचा व्हिडिओ यूट्यूबवर टाकला आणि नऊ दिवस कोठडीत काढले. लुजैन अल-हथलूल यांना तर परवानगी मिळायच्या महिनाभर आधी, मे 2018 मध्ये, अटक झाली. सुटल्या फेब्रुवारी 2021 मध्ये. मी लायसन्स खिशात घालून भाजी आणायला जाते तेव्हा हे अधूनमधून आठवतं. जास्त लिहीत नाही.

शेवटी मतदान झालं. 24 जूनला पाच, 'शुभ दीपावली'ला चार, माझ्या बाजूला मी आणि ती आठ वर्षांची. हरलो! बहुमतापुढे इलाज नाही, छापाच्या कार्डांवर 24 जूनच राहील. एक कार्ड मात्र आम्ही दोघी वेगळं करणार आहोत. त्यावर 6 नोव्हेंबर, आणि ते दापोलीला जाईल.

त्यासाठी एक अडचण आहे, कोणाला सुचलं तर सांगा. कार्ड उघडलं की गाडी पुढे यावी म्हणून घडीवर दोन सें.मी. अंतराने दोन काप देऊन मधली पट्टी आत ढकलायची, आणि तिच्यावर गाडी चिकटवायची. एवढं जमतं. पण शेजारच्या सीटवर मामा हवेत, आणि त्यांचे हात डॅशबोर्डवर. हात चिकटवले की कार्ड मिटताना दुमडतात. जाड कागद घेऊन पाहिला, पतंगाचा घेऊन पाहिला. मुलगी म्हणते हात सुटेच ठेवू, हलले तर हलले.

शुक्रवारी येताना कात्री आपापली आणा. मागच्या वर्षी माझ्या दोन गेल्या आहेत, ज्यांच्याकडे असतील त्यांनी न बोलता टेबलावर ठेवाव्यात. चहा आणि भडंग माझ्याकडे.

कळावे, लोभ असावा.
तुमची,
खोबरकरीण