सतराव्या वर्षीचा मुचलका

अमेरिकेतील नामांकित विद्यापीठांच्या प्रवेशाच्या पंचांगात १ नोव्हेंबर ही तारीख ठळक असते, आणि तिच्या आगेमागेच बहुधा दिवाळी येत असल्यामुळे न्यू जर्सीपासून कॅलिफोर्नियापर्यंत विखुरलेल्या मराठी कुटुंबांत त्या आठवड्यात फराळाच्या ताटापेक्षा बारावीतल्या मुलाच्या अर्जाकडेच वडीलधाऱ्यांचे लक्ष अधिक असते. नेहमीच्या अर्जांची मुदत जानेवारीच्या आरंभी संपते व निकाल मार्चअखेरीस लागतो. परंतु ‘अर्ली डिसिजन’ या नावाने रूढ असलेल्या पद्धतीत अर्जदार दोन महिने अगोदर, एकाच विद्यापीठास, असे लिहून देतो की, येथे प्रवेश मिळाल्यास इतरत्र केलेले सर्व अर्ज मागे घेऊन मी येथेच दाखल होईन. आणि या लेखावर त्याची स्वतःची, आईची किंवा वडिलांची व शाळेतील मार्गदर्शकाची अशा तीन सह्या घेतल्या जातात. डिसेंबरच्या मध्यास निकाल कळतो आणि मुचलका लागू होतो. ज्या मुलामुलींना पुढे डॉक्टर व्हावयाचे आहे त्यांनीही तो लिहून द्यावा काय, असा प्रश्न दर शरद ऋतूत शेकडो घरांत निघतो. त्यांतील बहुतेकांनी तो लिहून देऊ नये आणि विद्यापीठांनी तो त्यांच्याकडे मागू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आपल्याकडे बारावीनंतर ‘नीट’ची एक परीक्षा दिली की वैद्यकीय महाविद्यालयाचे दार उघडते किंवा बंद होते. अमेरिकेत आज तसे नाही, पण पूर्वी तेथेही वैद्यकासाठी आधी पदवी लागत नसे. आनंदीबाई जोशी १८८३ साली फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या तेव्हा त्यांचे वय अठरा वर्षांचे होते आणि कोणत्याही विद्यापीठाची पदवी त्यांच्या पदरी नव्हती. १८८६ च्या मार्चमध्ये त्या एम. डी. होऊन बाहेरही पडल्या. १८९३ साली बाल्टिमोर येथे जॉन्स हॉपकिन्सचे वैद्यकीय विद्यालय उघडले, ते मेरी गॅरेट या धनाढ्य बाईंच्या देणगीमुळे. आणि त्या देणगीच्या मुख्य अटी दोन होत्या: स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने प्रवेश मिळावा, आणि प्रवेशार्थी पदवीधर असावा. पुढे १९१० साली अब्राहम फ्लेक्सनर यांचा सुप्रसिद्ध अहवाल आला, निकृष्ट वैद्यकीय शाळांना त्याने टाळे लावले, आणि आधी विद्यापीठ व मग वैद्यक हा दुमजली शिरस्ता कायम झाला. आज त्या देशात भावी डॉक्टर चार वर्षे वाटेल तो विषय घेऊन पदवी मिळवितो, त्यासोबत जीवशास्त्र, रसायन, सेंद्रिय रसायन आणि भौतिकी यांचे प्रयोगांसह अभ्यासक्रम पुरे करतो, एम्कॅट ही दिवसभराची परीक्षा देतो आणि मग नव्याने अर्जांना बसतो. २०२३ साली असे अर्जदार सुमारे बावन्न हजार होते व प्रत्यक्ष दाखल झाले ते सुमारे तेवीस हजार. म्हणजे विद्यापीठाच्या दारातून आत गेलेल्या ज्या हुशार मुलांनी शेवटपर्यंत टिकून वैद्यकाकडे अर्ज केला, त्यांतील निम्म्याहून अधिकांची त्या वर्षी निराशा झाली. सतराव्या वर्षी केलेली सही पाच वर्षांनंतरच्या या चाळणीत उपयोगी पडते काय, हा खरा प्रश्न आहे. आणि घराघरांतील चर्चा मात्र पहिल्या दारापाशीच थबकते.

पहिल्या दारापाशी ती सही उपयोगी पडते, हे नाकारण्यात अर्थ नाही. क्रिस्टोफर अ‍ॅव्हरी, अँड्र्यू फेअरबँक्स व रिचर्ड झेकहाउसर या तिघांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हजारो अर्जांची छाननी करून असे दाखविले की, लवकर अर्ज करण्याचा लाभ सॅट परीक्षेतील शंभरएक गुणांच्या तोलाचा असतो. ब्राउन विद्यापीठाने २०२४ साली प्रवेश घेणाऱ्या वर्गासाठी लवकर अर्ज करणाऱ्यांपैकी शेकडा चौदा जणांना घेतले, तर एकंदर अर्जदारांत हे प्रमाण शेकडा पाचाच्या किंचित वर होते. लवकर येणाऱ्यांच्या रांगेत आधीच हेरलेले खेळाडू व माजी विद्यार्थ्यांची मुले असतात, सबब हा फरक दिसतो तेवढा खरा नाही. तरीही तो आहे. विद्यापीठांचा यात स्वार्थ काय, हेही गुपित नाही. प्रवेश दिलेल्यांपैकी किती जण प्रत्यक्ष येतात हे प्रमाण वाढले की प्रतिष्ठा वाढते, वसतिगृहाच्या खोल्या वेळेवर भरतात, आणि पूर्ण फी देऊ शकणारी घरे डिसेंबरमध्येच हाती लागतात. एका नामांकित साप्ताहिकाने आपल्या क्रमवारीतून हे प्रमाण २००३ साली वगळले. विद्यापीठांची त्यावरील भक्ती त्यामुळे कमी झालेली नाही.

या प्रथेविरुद्ध बंड झाले नाही असे नाही. २००६ च्या सप्टेंबरात हार्वर्डने, ज्याची पद्धत बंधनकारकसुद्धा नव्हती, लवकर प्रवेशाची वाटच बंद केल्याचे जाहीर केले. सुस्थितीतील मुलांना ही वाट अधिक सुस्थितीत नेते, असे हंगामी अध्यक्ष डेरेक बॉक यांचे म्हणणे होते. प्रिन्स्टन व व्हर्जिनिया विद्यापीठ मागोमाग आले. बाकीचे आले नाहीत. उत्तम विद्यार्थी डिसेंबरातच शेजाऱ्यांकडे बांधले जाऊ लागले, आणि २०११ साली तिघांनीही ती वाट पुन्हा उघडली. आज हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन व स्टॅनफर्ड येथे लवकर अर्ज एकाच ठिकाणी करावा लागतो, पण निकालानंतर विद्यार्थी १ मेपर्यंत मोकळा असतो, एम. आय. टी. तर तेवढीही अट घालीत नाही. या बंधनमुक्त पद्धतीला आमचा विरोध नाही. ज्याची तयारी झाली आहे त्याने खुशाल लवकर अर्ज करावा व हिवाळा निश्चिंत मनाने घालवावा.

बंधनाचे खरे स्वरूप पाहावयाचे तर भावी डॉक्टरांच्या दृष्टीने सर्वांत मोहक असलेल्या योजनेकडेच वळले पाहिजे. ऱ्होड आयलंड राज्यातील प्रॉव्हिडन्स येथे ब्राउन विद्यापीठ १९८० च्या दशकापासून आठ वर्षांची एक सलग योजना चालविते, तिला ‘पी. एल. एम. ई.’ म्हणतात. शाळेतून निवड झालेल्या मुलास विद्यापीठाची चार वर्षे व वैद्यकाची चार वर्षे एकत्रच मिळतात, एम्कॅटची कटकट नाही, दुसऱ्यांदा अर्जांच्या चक्रातून जाणे नाही. तो संस्कृतीचा इतिहास शिको वा संगीत, पुढची जागा राखीव. उदार शिक्षण घेतलेला डॉक्टर निर्माण व्हावा हा तिच्यामागील हेतू स्तुत्य आहे, आणि मराठी पालकांच्या जिव्हाळ्याचा विषय ती का झाली हे सांगण्याची गरज नाही. परंतु तिच्या नियमांतील एक कलम पालकांनी भिंग लावून वाचावे. ‘अर्ली डिसिजन’मधून या योजनेसाठी अर्ज केलेल्या विद्यार्थ्यास विद्यापीठाने सामान्य प्रवेश दिला आणि वैद्यकाची राखीव जागा मात्र नाकारली, तरीही तो ब्राउनला बांधलेलाच राहतो. ज्या आश्वासनासाठी त्याने शब्द दिला ते आश्वासन मिळत नाही, आणि शब्द तेवढा शिल्लक उरतो. विद्यापीठाचे उत्तर असे की, ब्राउन ही त्याची पहिली पसंती नसेल तर त्याने हा मार्ग निवडूच नये. उत्तर तर्काला धरून आहे. पण अशा अर्जदाराची पहिली पसंती ब्राउन नसते, वैद्यक असते, हे प्रवेश कचेरीतील कारकुनालाही ठाऊक असते. त्याच मुलाने इतर विद्यापीठांच्या सात-आठ वर्षांच्या जोडयोजनांकडे केलेले अर्ज डिसेंबरमध्ये या सहीनेच रद्द होतात.

आता पैशाकडे येऊ. बड्या खासगी विद्यापीठांचा वर्षाचा एकूण खर्च आता नव्वद हजार डॉलरच्या वर गेला आहे. साहाय्य अपुरे पडत असेल तर मुचलक्यातून सुटका मागता येते, असे एक दार मसुद्यात ठेवलेले असते खरे. परंतु अपुरे कशाच्या मानाने? नेहमीच्या मुदतीत अर्ज करणाऱ्याच्या टेबलावर एप्रिलमध्ये चार-पाच विद्यापीठांची पत्रे शेजारी शेजारी पडलेली असतात. आपल्याच राज्याच्या विद्यापीठाने गुणवत्तेवर दिलेली शिष्यवृत्ती त्यांत असते, एका ठिकाणचा आकडा दुसरीकडे दाखवून साहाय्य वाढवून मागता येते. डिसेंबरच्या मुलाजवळ एकच पत्र असते, आणि पसंत असो वा नसो, त्याच्याशी घासाघीस करण्यास त्याच्यापाशी दुसरा कागद नसतो. जवळजवळ प्रत्येक विद्यापीठास २०११ पासून कायद्याने आपल्या संकेतस्थळावर निव्वळ खर्चाचा अंदाज देणारे गणकयंत्र ठेवावे लागते. सही करण्यापूर्वी आईबापांनी निदान एक संध्याकाळ त्याला द्यावी. पगारदार कुटुंबांना तो अंदाज बराचसा खरा वाटेल. ज्यांचे दुकान आहे किंवा उत्पन्न वर्षागणिक खालीवर होते, त्यांनी मात्र त्यावर विसंबू नये.

वकिलीकडे वा व्यापाराकडे जाणाऱ्याला हा खर्च कदाचित झेपेल. भावी डॉक्टरचा प्रवास येथे अर्धाच झालेला असतो. कर्ज काढून वैद्यक शिकणाऱ्यांचे पदवीच्या वेळचे मध्यम कर्ज दोन लाख डॉलरच्या घरात आहे, आणि खासगी वैद्यकीय महाविद्यालयांची निव्वळ फीच बहुतेक ठिकाणी वर्षाला साठ हजारांपलीकडे आहे. आजवर सरकारी कर्ज संपूर्ण खर्चापर्यंत मिळत असे. २०२५ साली झालेल्या कायद्याने ती सोय १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांना बंद केली आणि व्यावसायिक शिक्षणासाठी वर्षाला पन्नास हजार व एकंदर दोन लाख डॉलरची मर्यादा घातली. जो विद्यार्थी पहिल्या चार वर्षांतच घरची शिल्लक खर्चून बसेल, त्याला उरलेली तूट खासगी सावकारी व्याजाने भरावी लागेल. न्यूयॉर्क विद्यापीठाने २०१८ पासून वैद्यकाची फी माफ केली, अल्बर्ट आइन्स्टाइन महाविद्यालयास २०२४ साली रूथ गॉट्समन यांनी त्याचसाठी शंभर कोटी डॉलर दिले, जॉन्स हॉपकिन्सलाही तेवढीच देणगी त्याच वर्षी ब्लूमबर्ग यांच्याकडून मिळाली व तेथे तीन लाखांपेक्षा कमी उत्पन्नाच्या घरांतील विद्यार्थ्यांची फी माफ झाली. या गोष्टी अभिनंदनीय आहेत. त्यांच्या भरवशावर घरचे अंदाजपत्रक करणे हे मात्र सोडतीच्या तिकिटावर कर्ज काढण्यासारखे होईल.

नामांकित विद्यापीठाचे नाव वैद्यकीय महाविद्यालयाच्या निवड समितीपुढे काही वजन टाकीत असेलही. परंतु तिच्यापुढे प्रथम येतात ते गुण. प्रवेश मिळविणाऱ्यांची पदवीच्या गुणांची सरासरी चारांपैकी जवळजवळ ३.८ असते, आणि ती सरासरी दुसऱ्या वर्षीच्या सेंद्रिय रसायनाच्या वर्गात, रात्री अकरा वाजता प्रयोगवहीपुढे बसून राखावी लागते. सरकारी वैद्यकीय महाविद्यालये आपल्या राज्याच्या रहिवाशांना झुकते माप देतात. टेक्सासात तर शेकडा नव्वद जागा कायद्यानेच रहिवाशांच्या आहेत. ज्या मुलाच्या गावाशेजारी राज्याचे चांगले विद्यापीठ आहे, तेथे त्याला शिष्यवृत्ती आहे, आणि ज्याच्या राज्यात सरकारी वैद्यकीय महाविद्यालयही आहे, त्याने केवळ नावासाठी मुचलका लिहून देणे हे आम्हांस अविचाराचे वाटते. विशेष म्हणजे पुढच्या पायरीवरही असाच एक मुचलका वाट पाहत असतो: वैद्यकीय महाविद्यालयांच्या लवकर निर्णयाच्या योजनेत १ ऑगस्टपर्यंत एकाच संस्थेकडे अर्ज करून १ ऑक्टोबरपर्यंत थांबावयाचे असते, आणि नकार आला की इतरांच्या रांगेत मागे जाऊन उभे राहावयाचे.

पुण्या-मुंबईतून थेट अर्ज करणाऱ्यांना आणखी एक इशारा दिला पाहिजे. अमेरिकेतील अनेक वैद्यकीय महाविद्यालये परदेशी नागरिकांचे अर्जच स्वीकारीत नाहीत, आणि स्वीकारणाऱ्यांपैकी काही जण चारही वर्षांची रक्कम आगाऊ अनामत म्हणून मागतात. शिवाय वैद्यकपूर्व तयारीला ‘प्री-मेड’ म्हणतात खरे, पण ती पदवी नाही, तो निव्वळ इरादा आहे. सल्लागाराला लाखांची दक्षिणा देऊन जे ‘अर्ली डिसिजन’चा अर्ज भरावयास निघाले आहेत, त्यांनी परदेशी नागरिकांना पुढे वैद्यकाचे दार कितपत उघडे आहे ही गोष्ट सहीच्या आधी त्या सल्लागारालाच विचारावी.

एका प्रकारच्या विद्यार्थ्याला मात्र आम्ही अडविणार नाही. ज्याने त्या विद्यापीठाचा अभ्यासक्रम वाचला आहे, वैद्यकाचा बेत फसला किंवा बदलला तरी तेथेच शिकावयाचे असे ज्याचे मन सांगते, आणि ज्याच्या घरी आठ वर्षांच्या खर्चाचा हिशेब कागदावर मांडून झाला आहे, त्याने सही करावी. अशी घरे थोडी आहेत, आणि बहुतांशी सुखवस्तू आहेत. बॉक यांचा आक्षेप नेमका हाच होता.

संपूर्ण प्रथा एका विद्यापीठाने मोडावी अशी अपेक्षा करण्यात अर्थ नाही, हे हार्वर्डच्या पाच वर्षांनी दाखविले आहे. ते काम सर्वांनी एकत्र बसूनच करावे लागेल, आणि स्पर्धाविषयक कायद्याच्या धाकाने एकत्र बसण्यासही ती संस्थाने आज कचरतात. परंतु वैद्यकाची जागा नाकारली गेल्यास अर्जदार बंधनातून मुक्त समजला जाईल व १ मेपर्यंत त्याला इतर पत्रांची वाट पाहता येईल, एवढी दुरुस्ती करण्यास ब्राउनला कोणाही शेजाऱ्याच्या संमतीची गरज नाही. पुढील वर्षाच्या नियमपत्रिकेत तेवढे एक कलम घातले की पुरे.