मशीनच्या आधी जमिनीचा हिशेब करा

घरच्या गॅरेजमध्ये वर्कशॉप सुरू करायचं म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "सर, लेथ कुठला घेऊ? वेल्डिंग मशीन किती अँपियरचं?" खाली जमीन कशी आहे, हे कुणी सांगतच नाही. माझं मत स्पष्ट आहे : जमीन हे तुमचं पहिलं मशीन आहे. भांडवलातला पहिला खर्च तिच्यावर करा.

कारण साधं आहे. मशीन विकून दुसरं घेता येतं. पण एकदा मशिनरी बसली, ऑर्डरी सुरू झाल्या की जमीन उखडायला वेळच मिळत नाही. काम पंधरा दिवस बंद ठेवलं तर गिऱ्हाईक दुसरीकडे जातं, बँकेचा हप्ता मात्र थांबत नाही.

घरातल्या टाइल्स उरल्यात म्हणून गॅरेजमध्ये टाकू नका. हातोडी पडली की टवका उडतो, खाली पोकळी असेल तर जॅकच्या भाराने टाइल तडकते, आणि ऑइल सांडलं की पाय घसरलाच समजा. कोटा मजबूत, पण तो चुनखडीचा दगड. बॅटरीचं ॲसिड त्याला खातं. इपॉक्सी दिसायला झकास, पुसायला सोपं. पण वेल्डिंगच्या ठिणग्यांनी त्यावर डाग पडतात आणि खालून ओल आली की पापुद्रे सुटतात. कोकणात किंवा नदीकाठी असाल तर दहादा विचार करा.

मग करायचं काय? बहुतेकांना साधं काँक्रीट पुरतं, फक्त ते नीट करा. मुरूम चांगला ठोकून घ्या, वर जाड प्लास्टिक अंथरा आणि ४ इंच एम-२० काँक्रीट टाका. २०० चौरस फुटांना साधारण १५-१६ गोणी सिमेंट लागेल. वरच्या थरात फ्लोअर हार्डनर घालून घोटून घ्या. शटरकडे दर १० फुटांना १ इंच उतार द्या. लेथची जागा मात्र लेव्हलमध्येच हवी. पॉवर प्रेससारखं दणके देणारं मशीन असेल तर त्याला वेगळं फाउंडेशन करा.

किमान १० दिवस पाणी मारा. गवंडी म्हणेल, "तीन दिवसांत वापरा, काही होत नाही." ऐकू नका. इपॉक्सी करायचंच असेल तर २८ दिवस थांबा. मग दीड फुटाचा प्लास्टिकचा चौकोन चारही बाजूंनी टेपने चिकटवून रात्रभर ठेवा. सकाळी खाली ओल दिसली तर इपॉक्सीचे पैसे खिशातच राहू द्या.

"सर, बजेट नाही," असं म्हणाल. मग एक मशीन सहा महिने उशिरा घ्या, किंवा सेकंड हँड घ्या. सेकंड हँड मशीन बाजारात मिळतं, सेकंड हँड जमीन नाही मिळत.

या रविवारी गॅरेज रिकामं करा, दोन बादल्या पाणी ओता आणि ते कुठे साचतं, कुठे मुरतं ते बघा. मशीनचं कोटेशन त्यानंतर मागवा.